मीठ, तूप, साखर : सीएफच्या संशोधनाला घरातून काय देता येतं

दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणातल्या उपचारांच्या यादीत सिस्टिक फायब्रोसिसचं, म्हणजे शरीरातले स्राव घट्ट करणाऱ्या सीएफ या आनुवंशिक आजाराचं, नाव दोनदा येतं. एकदा डीएनेज या औषधाच्या निमित्ताने आणि एकदा पोटेन्शिएटर, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनाचं काम सुधारणाऱ्या, औषधांच्या. डीएनेज फुप्फुसातला कफ पातळ करतं. पोटेन्शिएटर आजाराच्या मुळाशी जातं हे खरं, पण ज्या चाचण्यांवर ते बाजारात आलं त्यांत मुख्य मोजमाप होतं ते एका सेकंदात जोराने किती श्वास बाहेर पडतो याचं. रोज जेवणाबरोबर लागणारी एन्झाइमं, इन्सुलिन, ए-डी-ई-के जीवनसत्त्वं यांतलं काहीही त्या यादीत सीएफच्या नावापुढे नाही.

खरं तर या आजाराचं नाव पोटातूनच आलं. १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉरोथी अँडरसन यांनी दगावलेल्या मुलांच्या स्वादुपिंडात पुटकुळ्या आणि तंतूंचं जाळं पाहिलं आणि त्यावरून ‘स्वादुपिंडाचा सिस्टिक फायब्रोसिस’ असं नाव दिलं. पुढे स्वादुपिंड नावातून गळालं आणि हळूहळू चर्चेतूनही. १९८९ मध्ये सीएफटीआर जनुक सापडलं. त्यापासून बनणारं प्रथिन म्हणजे पेशीच्या भिंतीतली क्लोराइड आणि बायकार्बोनेट ये-जा करणारी खिडकी. ही खिडकी श्वासनलिकेत आहे, तशीच स्वादुपिंडाच्या नळीत, पित्तनलिकेत, आतड्यात, घामाच्या ग्रंथीत आणि पुरुषांच्या शुक्रवाहिनीतही आहे. खिडकी बंद पडली की या सगळ्या ठिकाणी स्राव घट्ट होतो. अपवाद घामाचा. तिथे ती मीठ परत आत ओढून घेते, म्हणून बंद पडल्यावर मीठ बाहेरच वाहून जातं.

संशोधनाचा झोत फुप्फुसावर राहिला यामागे कोणाचा दुष्टपणा नाही. सीएफमधले बहुतेक मृत्यू फुप्फुसामुळे होतात आणि फुप्फुसाला आकडा आहे. फुंकर मारली की मशीन टक्केवारी सांगतं, औषध दिल्यावर काही आठवड्यांत ती हलते. पोटदुखीला असा आकडा नाही. ब्रिटनमध्ये २०१७ साली रुग्ण, पालक आणि डॉक्टरांनी मिळून सीएफ संशोधनाचे दहा अग्रक्रम ठरवले, तेव्हा पहिला क्रमांक उपचारांचं रोजचं ओझं कमी करण्याला मिळाला आणि दुसरा पोटदुखी, पोट फुगणं, मळमळ यांना. मधुमेह टाळता येईल का, हा प्रश्न पाचवा होता. ज्यांना रोज हा आजार जगायचा आहे त्यांची यादी आणि औषध कंपन्यांची यादी वेगळी आहे, हे तेव्हा कागदावर आलं.

ही दरी नुसत्या देणग्यांनी बुजत नाही. पैशाचं शेवटी सांगतो. त्याआधी हवी आहे ती नीट लिहिलेली माहिती, आणि ती बहुतांशी घरात तयार होते.

तूप : एन्झाइमची वही

सीएफच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांमध्ये स्वादुपिंड अन्न पचवण्याइतका रस देत नाही. मग प्रत्येक जेवणाबरोबर डुकराच्या स्वादुपिंडापासून केलेल्या एन्झाइमच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात. मात्रा लायपेजच्या, म्हणजे चरबी पचवणाऱ्या एन्झाइमच्या, युनिटमध्ये मोजतात. वजनाच्या दर किलोला एका जेवणामागे ५०० ते २,५०० युनिट, आणि दिवसाची कमाल मर्यादा किलोला १०,००० युनिट. १५ किलोच्या मुलाला किलोला साधारण १,५०० च्या हिशेबाने जेवणाला २२,५०० युनिट येतात, म्हणजे १०,००० च्या साधारण दोन कॅप्सूल. दिवसाचा आकडा दीड लाखाच्या वर जायला नको. प्रत्यक्ष मात्रा तुमचे डॉक्टर ठरवतील. हा हिशेब वही कशी लिहायची हे कळावं म्हणून दिलाय.

बहुतेक घरच्या वह्यांमध्ये ‘जेवणाला २ गोळ्या’ असं लिहिलेलं असतं. संशोधकाला या नोंदीचा काडीचा उपयोग नाही. कॅप्सूल १०,००० ची की २५,००० ची? जेवणात वरणभातावर तूप किती होतं? सुरुवातीला घेतली की शेवटी? नोंद अशी हवी : तारीख, वेळ, त्या आठवड्यातलं वजन, जेवणातली चरबी अंदाजे ग्रॅममध्ये, युनिट, घेण्याची वेळ, आणि त्यानंतरची शी. चरबीचा अंदाज बांधायला काही आकडे पाठ असले तरी पुरे. पाच मिलीचा चमचाभर तूप म्हणजे ४ ते ५ ग्रॅम, ३० ग्रॅम शेंगदाणे म्हणजे १४-१५ ग्रॅम, २०० मिली म्हशीचं दूध म्हणजे १३ ग्रॅमच्या आसपास. कलिंगड, उसाचा रस, साखरपाणी यांत चरबी जवळपास नसते, त्यांना कॅप्सूल लागत नाही. साबुदाण्याची खिचडी मात्र फसवते. ‘उपासाचं हलकं’ म्हणून एक कॅप्सूल कमी दिली जाते आणि त्या ताटलीत तूप आणि दाण्याचं कूट मिळून चरबी नेहमीच्या जेवणाहून जास्त असते.

शीची नोंद संकोच सोडून करायची. किती वेळा, आकार, तेलाचा तवंग आहे का, भांड्याला चिकटते का, वास. ‘बरी’, ‘खराब’ हे शब्द टाळा, कारण तीच शी आईला बरी वाटते आणि आजीला खराब.

मात्रा बरोबर असूनही कॅप्सूल काम करत नाही, याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. आतले बारीक मणी आम्लापासून वाचावेत म्हणून त्यांच्यावर आवरण असतं. ते पोटात टिकतं आणि लहान आतड्यात पीएच साडेपाचच्या वर गेला की विरघळतं. मणी कुटले, चावले, किंवा दुधा-खिरीत घालून ठेवले तर आवरण आधीच जातं, एन्झाइम वाया जातं आणि तोंडात फोड येतात ते वेगळंच. लहान मुलाला द्यायचे तर सफरचंदाच्या आंबटसर गरासारख्या चमचाभर पदार्थावर घालून लगेच द्यायचे आणि नंतर तोंडात मणी राहिलेत का ते बोट फिरवून पाहायचं. दुसरं कारण उष्णता. या कॅप्सूल साधारण २५ अंशांखाली, झाकण घट्ट लावून ठेवायच्या असतात. मे महिन्यात परभणी-नांदेडच्या स्वयंपाकघरात गॅसशेजारच्या फळीवर ठेवलेली बाटली किंवा उन्हात उभ्या गाडीतली बाटली यांच्यातला माल लेबलवर लिहिलेल्या ताकदीचा राहील याची खात्री नाही. म्हणून बाटली कुठे ठेवली होती हेही वहीत यावं. तिसरं कारण शरीराच्या आतलं. सीएफमध्ये स्वादुपिंडातून बायकार्बोनेट येत नाही, त्यामुळे आतड्याचा सुरुवातीचा भाग आम्लच राहतो आणि आवरण उशिरा विरघळतं. काहींना डॉक्टर आम्ल कमी करणारी गोळी जोडून देतात ती याचसाठी. आणि चौथं कारण म्हणजे पाऊण तास रेंगाळणारं जेवण. सगळ्या कॅप्सूल पहिल्या घासाला दिल्या तर शेवटच्या घासांना काही उरत नाही. अर्ध्या सुरुवातीला, अर्ध्या मध्यावर असं सहसा सांगतात.

वरची मर्यादा कुठून आली हेही सांगायला हवं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जास्त ताकदीच्या कॅप्सूल आल्या आणि १९९४ मध्ये लिव्हरपूलच्या डॉक्टरांनी पाच मुलांच्या मोठ्या आतड्यात आकसलेला भाग सापडल्याची नोंद छापली. मात्रेचा आणि या आकसण्याचा संबंध लागला तो कोणी किती युनिट घेतली हे लिहिलेलं होतं म्हणून. ‘२ गोळ्या’ लिहिलं असतं तर लागला नसता.

शीतल्या इलास्टेजची, म्हणजे स्वादुपिंडातून येणाऱ्या एका एन्झाइमची, तपासणी स्वादुपिंडाची स्थिती सांगते. दर ग्रॅमला २०० मायक्रोग्रॅमच्या खाली आलं तर शंका, १०० च्या खाली बऱ्यापैकी खात्री. ही तपासणी माणसाचंच इलास्टेज मोजते, त्यामुळे नमुन्यासाठी कॅप्सूल बंद करायची गरज नाही. जुलाब लागले असताना मात्र नमुना देऊ नका. पाण्याने इलास्टेज पातळ होतं आणि आकडा खोटा खाली येतो.

चरबी किती शोषली जाते याची जुनी आणि भरवशाची पद्धत म्हणजे सलग ७२ तासांची सगळी शी गोळा करणं. तीन दिवस खाल्लेली चरबी तोलून लिहायची, सुरुवातीला आणि शेवटी रंगाची खूण म्हणून कॅप्सूल द्यायची, आधी वजन करून ठेवलेल्या डब्यात सगळं जमा करायचं. खाल्लेल्या चरबीतली ९३ टक्क्यांहून कमी शोषली गेली तर गडबड. नव्या एन्झाइमच्या चाचण्या अजून याच आकड्यावर उभ्या असतात. घरची चूक ठरलेली : शाळेत गेलेलं मूल एकदा तिथेच जाऊन येतं आणि कोणी बोलत नाही. एक वेळची शी गळाली की बाहेर पडलेली चरबी कमी दिसते, शोषण चांगलं दिसतं आणि निकामी औषधही पास होतं. गळाली तर तसं सांगा. तो संच बाद होईल, पण निष्कर्ष खोटा ठरणार नाही.

पोट डब्ब होणं याला इंग्रजीत काय म्हणाल?

मराठी माणसाला थेट हातभार लावता येईल अशी ही जागा आहे आणि तिकडे फारसं कोणी पाहत नाही.

इलेक्साकाफ्टर, टेझाकाफ्टर, आयव्हाकाफ्टर या तीन औषधांच्या एकत्र गोळीला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. फुप्फुसं सुधारली, वजनं वाढली. पोटाचं काय? अमेरिकेतल्या ‘गॅलक्सी’ अभ्यासात बद्धकोष्ठ आणि अपचनाच्या सर्वसाधारण प्रश्नावल्या वापरल्या, त्यांत सहा महिन्यांनी फरक दिसला तो किरकोळ. जर्मनी आणि ब्रिटनमध्ये सीएफच्याच रुग्णांसाठी बनवलेली २८ प्रश्नांची, मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारणारी प्रश्नावली वापरली, त्यात सुधारणा ठळक दिसली. औषध तेच. पट्टी बदलली की मोजमाप बदललं.

अशी प्रश्नावली मराठीत आणायची तर नुसतं भाषांतर पुरत नाही. आपल्याकडे ‘गॅस’ या एका शब्दात छातीतली जळजळ, करपट ढेकर, पोट डब्ब होणं आणि खालून वारा सरणं हे सगळं बसतं. प्रश्नावलीत ते चार वेगळे प्रश्न असतात. ‘पोटात दुखतं’ म्हटलं की मूल मान डोलावतं, पण कळ येऊन जाते, मुरडा येतो की सतत ठणकतं, हे वेगळं विचारावं लागतं. मुरडा शीशी जोडलेला आहे, कळ असेलच असं नाही. ‘भूक लागत नाही’ आणि ‘दोन घासांत पोट भरतं’ या दोन तक्रारींची कारणं निराळी. विदर्भात, कोकणात आणि पुण्यात शब्द बदलतात तेही आहेच.

रीतसर पद्धत अशी : दोघांनी स्वतंत्रपणे मराठीत आणायचं, दोन्ही मसुदे जुळवून एक करायचा, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने तो परत इंग्रजीत न्यायचा, फरक पडला तिथे दुरुस्ती. त्यानंतर काही रुग्णांसमोर बसून प्रत्येक प्रश्नाला विचारायचं, ‘तुम्हाला यातून काय समजलं, तुमच्या शब्दांत सांगा.’ ही शेवटची पायरी वेळखाऊ म्हणून गाळली जाते आणि घोटाळा तिथेच राहतो. मूळ प्रश्नावलीच्या मालकाची लेखी परवानगीही आधी लागते. परदेशात असलेल्या, दोन्ही भाषा रक्तात असलेल्या मराठी लोकांनी उलट भाषांतराचं काम अंगावर घेतलं तर ते बऱ्याच देणग्यांपेक्षा मोलाचं ठरेल, असं आमचं मत.

मीठ : इथे आपलं हवामानच प्रयोगशाळा आहे

बाळाची पापी घेतली की खारट लागते, हे आई-आजीला डॉक्टरांच्या आधी कळतं. शास्त्राला कळलं ते उन्हामुळे. १९४८ च्या न्यूयॉर्कच्या उष्णतेच्या लाटेत सीएफची मुलं गळून पडू लागली आणि १९५३ मध्ये पॉल डी सँटअॅग्नीस यांनी घामातलं जादा मीठ दाखवून दिलं. १९५९ पासूनची घाम तपासणी आजही तीच आहे : हातावर पायलोकार्पिन हे घाम आणणारं औषध लावून काही मिनिटं सौम्य वीजप्रवाह द्यायचा आणि अर्धा तास घाम गोळा करायचा. क्लोराइड लिटरला ६० मिलिमोल किंवा त्याहून जास्त असेल तर सीएफ, ३० ते ५९ म्हणजे पुढे तपासा, ३० च्या खाली शक्यता कमी. गोळा करण्याच्या नळीत किमान १५ मायक्रोलिटर घाम हवा. कमी पडला तर रिपोर्ट न देता तपासणी पुन्हा करायची असते. दोन हातांचा थोडा थोडा घाम एकत्र करून ‘पुरेसा’ करणं चूक. आपल्याकडे काही ठिकाणी क्लोराइडऐवजी विद्युतवाहकता मोजतात. ती नेहमी क्लोराइडपेक्षा जास्त येते, म्हणून फाइलमध्ये काय मोजलं हे लिहिलेलं नसेल तर विचारून लिहून घ्या.

भारतात कितीतरी बाळं फुप्फुसाच्या तक्रारीऐवजी मिठाच्या तुटवड्याने पहिल्यांदा रुग्णालयात येतात. उलट्या, मलूलपणा, वजन थांबलेलं, रक्तात सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड तिन्ही खाली आणि रक्त अल्कधर्मी. याला सूडो-बार्टर म्हणतात. खरा बार्टर मूत्रपिंडाचा आजार, त्यात लघवीत क्लोराइड भरपूर. इथे मीठ घामातून गेलेलं असतं, त्यामुळे मूत्रपिंड उरलेलं धरून ठेवतं आणि लघवीत क्लोराइड जवळपास नसतं. एका लघवीच्या नमुन्यात निकाल लागतो. पण तो नमुना सलाइन चढवण्याआधीचा हवा. बाटली लागली की काही तासांत लघवीत क्लोराइड येतं आणि पुरावा पुसला जातो. मग मूल बरं होऊन घरी जातं, निदान ‘जुलाब-उलट्या’ राहतं आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच. सीएफचं थंड देशांतलं वाङ्मय प्रचंड आहे, पण ४५ अंशांतलं मीठ नागपूर-चंद्रपूरला जितकं अभ्यासता येईल तितकं टोरांटोत येणार नाही.

नोंद ठेवायची ती अशी : दिवसाचं कमाल तापमान, वजन सकाळी एकाच वेळी, मीठ ग्रॅममध्ये, लघवी किती वेळा. अमेरिकेतल्या शिफारशीत सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला दिवसाला चहाच्या चमचाचा आठवा भाग मीठ आणि पुढे पाव चमचा आहे, दिवसभरात वाटून. पाच मिलीच्या सपाट चमचात साधारण ६ ग्रॅम मीठ बसतं, म्हणजे आठवा भाग पाऊण ग्रॅम. आपल्या उन्हात किती वाढवायचं हे रक्त तपासून डॉक्टर ठरवतात. ‘चिमूट’ हे माप नव्हे, कारण आजोबांची चिमूट आणि आईची चिमूट यांत दुपटीचा फरक पडतो. लहान वजनकाटा घ्या, किंवा ठरावीक ताकदीचं द्रावण औषधवाल्याकडून करून घ्या. ‘लो सोडियम’ मीठ चालत नाही. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं असतं. आणि ‘तहान लागेल तेव्हा पाणी पी’ हा सल्ला सीएफमध्ये फसतो. घामातून पाण्याबरोबर मीठही तितकंच गेल्यामुळे रक्त दाट होत नाही, मेंदूला तहानेचा निरोप जात नाही. नुसतं पाणी पाजत राहिलं तर उरलंसुरलं सोडियमही पातळ होतं. ताकात, पन्ह्यात, लिंबू सरबतात मोजून मीठ घालणं आपल्याकडे सोपं आहे. फक्त किती घातलं ते लिहा.

साखर

सीएफचा मधुमेह ना पहिल्या प्रकारचा, ना दुसऱ्या. स्वादुपिंडात तंतू वाढत जातात आणि इन्सुलिन कमी पडत जातं. किशोरवयात पाचांतल्या एकाला आणि मोठेपणी चाळीस-पन्नास टक्क्यांना तो होतो, किंवा निदान तसं तीन औषधांच्या आधीच्या काळातले आकडे सांगतात. उपचार इन्सुलिन. भात, साखर, तूप तोडणं हा उपचार नाही. घरात आधीच मधुमेही आजी-आजोबा असतील तर हे पटवणं सर्वांत अवघड जातं, कारण त्यांच्यासाठी बरोबर असलेला सल्ला या मुलाचं वजन पाडतो.

तपासणी दहाव्या वर्षापासून दरवर्षी, ग्लुकोज पिऊन. आठ तास उपाशी, किलोला १.७५ ग्रॅम ग्लुकोज, जास्तीत जास्त ७५, पाच मिनिटांत संपवायचं, रक्त आधी आणि दोन तासांनी. उपाशी १२६ किंवा जास्त, दोन तासांनी २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह. एचबीए१सी वर, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीवर, विसंबू नका, सीएफमध्ये ते बऱ्याचदा खोटं दिलासादायक येतं. अभ्यासासाठी मधल्या ३०, ६०, ९० मिनिटांचे नमुने आणि इन्सुलिनही हवं असतं, कारण आधी बिघडतो तो मधला चढ, दोन तासांचा आकडा नंतर. ग्लुकोजची नळी राखाडी झाकणाची, आणि ती लवकर प्रयोगशाळेत पोचायला हवी. साध्या नळीत दोन-तीन तास पडून राहिली तर रक्तपेशी साखर खात राहतात आणि आकडा उतरतो. ताप असताना, स्टेरॉइड सुरू असताना किंवा ओकारी झाली तर ती तपासणी धरायची नाही. रिपोर्टवर रक्त काढल्याची वेळ आहे का ते पाहा. बहुतेक वेळा छापाईची वेळ असते.

आतडं, यकृत आणि बाकीचं

उजव्या बाजूला खाली दुखतं, हाताला गोळा लागतो, उलट्या : हे अॅपेंडिक्सही असेल आणि डिऑसही. डिऑस म्हणजे लहान आतड्याच्या शेवटी घट्ट शी आणि चिकट स्राव मिळून अडकणं. बद्धकोष्ठात संपूर्ण मोठं आतडं हळूहळू भरत येतं, डिऑस काही दिवसांत अचानक होतो. सीएफमध्ये अॅपेंडिक्स तसंही स्रावाने फुगलेलं दिसतं, त्यामुळे सोनोग्राफीवरून घाईने ऑपरेशन होतं. अपुरा अडथळा पॉलिइथिलीन ग्लायकॉल या शी सैल करणाऱ्या औषधाने सहसा सुटतो, पुढे काही महिने किलोला अर्धा ते एक ग्रॅम रोज चालू ठेवतात. हिरव्या उलट्या आणि फुगलेलं पोट असेल तर घरी काही पाजायचं नाही, सरळ रुग्णालय. वहीत आधीच्या आठवड्यातलं पाणी, उष्मा आणि चुकलेल्या कॅप्सूल लिहिलेल्या असतील तर कारण सापडतं. एक्स-रेची फिल्म जपून ठेवा. मोबाइलवरच्या फोटोत गोळा ओळखू येत नाही.

यकृतात पित्त घट्ट होतं. पाच ते दहा टक्क्यांना सिरोसिस होतो आणि तो बहुधा किशोरवयाच्या आतच दिसतो. एएलटी, एएसटी या यकृताच्या रक्ततपासण्या नॉर्मल असूनही सिरोसिस असू शकतो. खरी खूण म्हणजे वर्षानुवर्षं उतरणारे प्लेटलेट, कारण प्लीहा फुगून ते अडकवते. एका वर्षाचा आकडा नॉर्मल म्हणून फाइल फेकून दिली की उतार दिसतच नाही. सगळ्या वर्षांचे प्लेटलेट एका कागदावर लिहा. हा एक कागद यकृततज्ज्ञाला दहा रिपोर्टांपेक्षा जास्त सांगतो. कोणाला सिरोसिस होणार हे आधी कसं ओळखायचं, यावर अमेरिकेत सोनोग्राफीचा दीर्घ अभ्यास झाला आणि यकृताचा खडबडीत, असमान पोत पुढच्या धोक्याची सूचना देतो असं निघालं. अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या यकृतात बनणाऱ्या प्रथिनाच्या झेड प्रकाराचं जनुक असलं तर धोका बराच वाढतो. भारतीय मुलांमध्ये असा सलग पाठपुरावा झाला तर त्याला जगात भाव आहे, कारण इथे बहुतेकांना ती तीन औषधं मिळत नाहीत आणि ती लागू न पडणारे रुग्ण जगभर आहेत.

हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी, जीवनसत्त्व डी ३० नॅनोग्रॅमच्या वर ठेवणं, हे आता सगळे सांगतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबद्दल कमी बोललं जातं. धोका सर्वसाधारण लोकांपेक्षा काही पटींनी जास्त, म्हणून अमेरिकेत चाळिशीपासून कोलोनोस्कोपी सांगतात आणि अवयव प्रत्यारोपण झालेल्यांना तिशीपासून. आतडं साफ करण्याची नेहमीची मात्रा सीएफमध्ये अपुरी पडते. पुरुषांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक जणांत शुक्रवाहिनी तयार झालेली नसते. वंध्यत्वाच्या दवाखान्यात ‘वीर्य कमी, आम्ल, शुक्राणू शून्य’ असा रिपोर्ट येतो, टेस्ट ट्यूबचा सल्ला मिळतो आणि सीएफटीआर तपासलं जात नाही. सौम्य सीएफचे कित्येक रुग्ण या दाराने येऊन याच दाराने नोंदीविना परत जातात.

नमुना, संमती, पैसा

जनुकाचा रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ असेल तर काय तपासलं ते वाचा. युरोपात एफ५०८डेल हा एकच बदल सुमारे ७० टक्के दोषी जनुकांत सापडतो. भारतीय रुग्णांत त्याचं प्रमाण बरंच कमी आहे आणि इतर बदल विखुरलेले आहेत. ठरावीक बदलांचं पॅनेल केलं असेल तर निगेटिव्हचा अर्थ फार थोडा. संपूर्ण जनुक वाचलेलं हवं. शी किंवा रक्ताचा नमुना देताना काढल्याची वेळ, गोठवल्याची वेळ आणि मागच्या महिनाभरातली अँटिबायोटिक्स लिहून द्या. आतड्यातल्या जिवाणूंच्या अभ्यासाला या तीन ओळींशिवाय नमुना निरुपयोगी.

भारतातली औषध चाचणी सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंदलेली असते, २००९ पासून ते सक्तीचं आहे. संमतिपत्रावर तो क्रमांक आणि एथिक्स कमिटीचं नाव शोधा. सात वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमतीही लागते, बारापर्यंत तोंडी आणि त्यापुढे लेखी. विचारायचे प्रश्न थोडे आहेत : उरलेल्या नमुन्याचं काय होणार, तो देशाबाहेर जाणार का, नंतर जनुकीय तपासणी केली तर आम्हाला कळवणार का, मध्येच बाहेर पडलो तर आधीचा नमुना नष्ट करता येईल का. मुंबईचं केईएम रुग्णालय हे दुर्मीळ आजारांच्या धोरणातल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. अशा केंद्रात नोंद झाली तर मदतीचा आणि मोजणीचा, दोन्हींचा मार्ग मोकळा होतो.

पैशाचं. अमेरिकेतली सीएफ फाउंडेशन १९५५ पासून देणग्यांवर उभी राहिली, औषध कंपनीच्या संशोधनात तिने पैसा घातला आणि २०१४ मध्ये त्या औषधांवरची रॉयल्टी ३.३ अब्ज डॉलरना विकली. देणगी कुठे जाते यावर काय मोजलं जातं हे ठरतं, याचं हे मोठं उदाहरण. आपल्याकडे छोट्या रकमेने जे होतं ते वेगळं : कोरड्या बर्फासह नमुन्याचा कुरिअर, सांगलीहून मुंबईला तपासणीला येणाऱ्याचं भाडं, आठवड्यातून दोन दिवस फाइली नोंदवहीत चढवणारी व्यक्ती. उपकरणाला देणगीदार मिळतो, या माणसाच्या पगाराला मिळत नाही, आणि नोंदी तिथेच अडतात.

देताना संस्थेची ८०जी ही करसवलतीची पावती पाहा. परदेशातून देत असाल आणि पासपोर्ट भारतीय असेल, तर बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी धरली जात नाही. ओसीआय, म्हणजे परदेशी पासपोर्ट असलेले भारतीय वंशाचे कार्डधारक, असाल तर धरली जाते आणि संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी लागते. अशी रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच जमा व्हावी लागते. दुसरा खाते क्रमांक दिला तर पाठवू नका. रकमेबरोबर चार ओळींचं पत्र जोडा : ‘हा निधी सीएफच्या पचन, मधुमेह, यकृत व क्षारविषयक नोंदी आणि नमुन्यांसाठी वापरावा. यंत्रखरेदीसाठी नाही. वर्षअखेरीस खर्चाचा तपशील कळवावा. शिल्लक राहिल्यास दुसरीकडे वळवण्याआधी विचारावं.’ पत्राची पोच घ्या आणि वर्ष संपताच तपशील आला का ते पाहा.